हेन्री लेलँड : कॅडिलॅक आणि लिंकनचे जनक

अमेरिकेत आलिशान मोटारींचा विषय निघाला की कॅडिलॅक आणि लिंकन ही दोन नावे हमखास येतात. पहिली जनरल मोटर्सची, दुसरी फोर्डची. परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या या दोन्ही मोटारी एकाच माणसाने उभ्या केल्या आणि दोन्ही त्याच्या हातून गेल्या, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या माणसाचे नाव हेन्री मार्टिन लेलँड.

लेलँड यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८४३ रोजी व्हरमाँट राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम केले, पुढे कोल्टच्या पिस्तूल कारखान्यात. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत तंतोतंत बसलाच पाहिजे, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरली ती तिथे. ब्राऊन अँड शार्प या सूक्ष्म मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत ती अधिक धारदार झाली. न्हाव्याच्या हातातील केस कापण्याचे यंत्रही त्यांनी याच काळात घडवले. १८९० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी डेट्रॉईट गाठून स्वतःचा कारखाना काढला. सुबक दंतचक्रांपासून सुरुवात झाली आणि काम ओल्ड्समोबाईल गाड्यांच्या इंजिनांपर्यंत पोहोचले.

१९०२ मध्ये एक विलक्षण योग आला. हेन्री फोर्ड यांचे आपल्या भांडवलदारांशी पटले नाही आणि ते स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडले. कंपनी मोडीत काढायची म्हणून भांडवलदारांनी यंत्रसामग्रीची किंमत ठरवण्यासाठी लेलँड यांना बोलावले. लेलँड यांनी किंमत सांगितली, पण सल्ला उलटा दिला. कंपनी मोडू नका, माझे इंजिन बसवून गाडी काढा, असा. डेट्रॉईटचा संस्थापक असलेल्या फ्रेंच सरदाराचे नाव त्या कंपनीला मिळाले आणि कॅडिलॅकचा जन्म झाला.

कॅडिलॅकचा खरा लौकिक झाला तो १९०८ साली इंग्लंडमध्ये. ब्रुकलँड्स येथे रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तीन गाड्या पूर्ण सुट्या केल्या गेल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले गेले, काही भाग काढून कोठारातील नवे घातले गेले आणि केवळ पाने व पेचकस वापरून तीन गाड्या पुन्हा जुळवल्या गेल्या. कानस लावण्याची मुभा नव्हती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. मोटार म्हणजे कारागिराने घासूनपुसून जुळवायची वस्तू, अशी समजूत असलेल्या त्या काळी हा चमत्कारच होता. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला.

पुढच्याच वर्षी विल्यम ड्युरंट यांच्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. कारभार मात्र लेलँड आणि त्यांचे पुत्र विल्फ्रेड यांच्याकडेच राहिला. हँडल मारून गाडी सुरू करताना हात मोडणे तेव्हा नित्याचे होते. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि तो प्रश्न मिटला.

पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने बनवण्यावरून ड्युरंट यांच्याशी मतभेद झाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या लेलँड यांनी १९१७ मध्ये कॅडिलॅक सोडून नवी कंपनी काढली. एकविसाव्या वर्षी, १८६४ साली, आयुष्यातले पहिले मत त्यांनी अब्राहम लिंकन यांना दिले होते. तेच नाव कंपनीला दिले. लिबर्टी जातीची सुमारे साडेसहा हजार इंजिने तिने तयार केली. युद्ध संपल्यावर मोटारीसाठी भांडवल उभारताना लोकांनी केवळ लेलँड या नावावर विसंबून समभाग घेतले.

तिथेच घात झाला. १९२० च्या अखेरीस बाजारात आलेली लिंकन यांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती, पण तिचे रूप जुनाट होते. त्यात मंदी आणि युद्धकाळातील कराची प्रचंड मागणी. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी कंपनीचा लिलाव झाला आणि ८० लाख डॉलरला ती घेतली हेन्री फोर्ड यांनी. वीस वर्षांपूर्वी फोर्ड यांच्या पडक्या कंपनीतून लेलँड यांनी कॅडिलॅक उभी केली होती. हा त्याचा सूड होता की निव्वळ व्यवहार, याचा निवाडा करणे अवघड आहे. साध्या, स्वस्त मॉडेल टी गाडीवर जग जिंकलेल्या माणसाला आलिशान मोटारीचे फारसे कौतुक नव्हते. लिंकनची धुरा त्यांचे पुत्र एड्सेल यांनी सांभाळली आणि तिला देखणेपणही त्यांनीच दिले.

कारभार आपल्याकडे राहील, या समजुतीत असलेल्या लेलँड पितापुत्रांना चार महिन्यांतच कारखाना सोडावा लागला. त्यांचा खरा सल मात्र नोकरीचा नव्हता. आपल्या नावावर पैसे गुंतवणाऱ्या मूळ भागधारकांची रक्कम परत करण्याचे आश्वासन फोर्ड यांनी दिले होते, असा त्यांचा दावा होता. फोर्ड यांना तो मान्य नव्हता. या वादावर कोर्टकचेऱ्या झाल्या. लेलँड यांची बाजू तेथे टिकली नाही.

२६ मार्च १९३२ रोजी डेट्रॉईट येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, लेलँड यांचे निधन झाले. भागधारकांचे पैसे तोवर परत मिळाले नव्हते.