सेनिओच्या बांधावरचा निरोप्या

ठाकुर्ली-डोंबिवलीकडील वाचकांना सेनिओ या नदीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. उत्तर इटलीतील ही नदी युद्धाच्या त्या ठिकाणी अवघी १५ फूट रुंद होती. आपल्या उल्हास नदीपुढे ओढाच म्हणावा अशी. पण तिच्या दोन्ही काठांचे पूरबांध ३० ते ३५ फूट उंच आणि कड्यासारखे ताठ. जर्मनांनी ते आतून पोखरून मोर्चे बांधले होते. पूर्वेकडील बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंग पेरून सुमारे १३ मशीनगन बसविल्या होत्या.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’, या बांधांवर चालून गेली. नामदेव जाधव हे तिच्यातील २३ वर्षांचे शिपाई. १८ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज येथे त्यांचा जन्म झाला होता. काम कंपनीच्या रनरचे, म्हणजे निरोप्याचे. कंपनी कमांडरसोबत राहावे आणि सांगितलेला निरोप धावत पोचवावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा.

छातीभर पाण्यातून ही तुकडी पश्चिम काठावर चढते न चढते तोच पाठीमागून गोळ्यांचा मारा सुरू झाला. नुकताच ओलांडलेला बांधच उलटला होता. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे ठार. धड राहिले ते एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलले, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे नेले, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तीच खेप केली. इथे थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. ते तिसऱ्यांदा गेले आणि जवळचा मोर्चा टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालविणे अशक्य झाले, तेव्हा ती फेकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले. असे आणखी दोन मोर्चे बुडविल्यावर उखळी तोफांच्या माऱ्यात ते माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या कंपन्यांना हात हलवून बोलावू लागले.

२ मे रोजी इटलीतील जर्मन फौजांची शरणागती अमलात आली. १९ जूनच्या लंडन गॅझेटमध्ये जाधवांचे व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाले. त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर जखमी होऊनही लढलेले फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही हाच मान मिळाला. दोनच वर्षांनी फाळणीत त्यांची रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली.

मायदेशातील वारे मात्र निराळे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि साऱ्या देशाचे काळीज तिकडे लागले. ते योग्यच होते. पण राजाच्या सैन्यात लढलेल्या शेतकरी घरांतील मुलांचे कौतुक कोणत्या शब्दांत करावे, हे त्या काळाला उमगले नाही. याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले आणि त्यांचा पुतळा माणगावला उभा आहे. जाधव जिवंत परतले. पुढे ते हवालदार झाले. सेनिओनंतर ३९ वर्षांनी, २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.