भडकल दरवाजा आणि विकला गेलेला मुलगा

कांजूरमार्ग परिसरातली मराठवाड्याकडची कुटुंबं सुट्टीत गावी जातात, तेव्हा औरंगाबादच्या म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला भडकल दरवाजा मुलांनी पाहिलेला असतो. उंच दगडी कमान, आजूबाजूला रिक्षांची गर्दी. पण आम्ही वर्गात विचारतो, हा कोणी बांधला, तर मुलं पटकन औरंगजेबाचं नाव घेतात. दरवाजा 1612 चा आहे आणि औरंगजेबाचा जन्म 1618 चा! तो बांधला मलिक अंबरने, आणि तोही मुघलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमाराला हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे पोहोचला. त्या मालकाने त्याला तालीम दिली, हिशेब शिकवला. तिथेच तो मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा वजीर स्वतःही एके काळी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर आझाद झाला.

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने मात्र त्याच घराण्यातल्या मुर्तजाला तख्तावर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. हबशी आणि मराठे त्याच्या फौजेत खांद्याला खांदा लावून लढले. डोंगरदऱ्यांच्या आडोशाने अचानक छापे घालून त्याने मुघलांना जेरीस आणलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाने तर अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. अंबर तेव्हा चांगला जिवंत होता. बादशहाला जे मैदानात जमलं नाही, ते कागदावर झालं.

पण आम्हाला त्याची तलवार नाही, पाणी जास्त आठवतं. 1610 च्या सुमाराला त्याने खडकी गावात राजधानी वसवली आणि शहरासाठी डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशेब. शेतजमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे मलिकंबरी म्हणून ओळखली गेली.

1626 मध्ये त्याचा इंतकाल झाला. त्याची कबर खुलताबादला आहे. खडकीचं पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. या सगळ्या नावांत अंबर कुठेच नाही. म्हणून पुढच्या सुट्टीत कमानीखाली दोन मिनिटं थांबा आणि मुलांना सांगा, बाजारात विकल्या गेलेल्या एका मुलाने इल्म आणि मेहनतीच्या जोरावर हे शहर वसवलं. घरातल्यांनी सांगितलं तरच हे नाव टिकेल.