सव्वा, पाऊण आणि भास्कराचार्य

शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली, भास्कराचार्यांचा जन्म झाला. हे साल ठरविण्यासाठी अभ्यासकांना फारसे कष्ट पडले नाहीत. आपला जन्मशक आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचल्याची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडवीड, गोत्र शांडिल्य. हे गाव नेमके कोणते, याबद्दल विद्वानांत वाद आहे. खानदेश, मराठवाडा आणि कर्नाटक असे तिघेही त्यावर हक्क सांगतात. घराणे पिढ्यान् पिढ्या विद्वानांचे. एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच.

सामान्य वाचकाला मात्र भास्कराचार्य आठवतात ते एका करुण कथेमुळे. कन्या लीलावती, तिच्या विवाहाचा एकमेव शुभ मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, त्यामुळे टळलेली वेळ आणि मग दुःखी कन्येच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने लिहिलेले गणित. ही कथा येते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजीने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. खुद्द भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. कथा हृदयस्पर्शी आहे, पण तिने एक अन्याय केला. ‘लीलावती’ हे नाव सर्वतोमुखी झाले आणि ‘लीलावती’त आहे तरी काय, हे विचारण्याची गरज कोणाला उरली नाही.

‘लीलावती’ हा ‘सिद्धांतशिरोमणी’चा पहिला भाग. त्यापुढे बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे तीन भाग येतात. ग्रहांच्या गती मोजणारा हा ज्योतिर्विद आकाशाकडे वळण्याआधी बाजाराचे कोष्टक देतो. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी. चार काकिणींचा एक पण. सोळा पणांचा एक द्रम्म. सोळा द्रम्मांचा एक निष्क. ज्यांनी १९५७ पूर्वीचा रुपया हाताळला आहे, त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. द्रम्माचे पण सोळा, रुपयाचे आणेही सोळा. द्रम्माच्या काकिणी चौसष्ट, रुपयाचे जुने पैसेही चौसष्टच.

अपूर्णांकांच्या प्रकरणात ही नाणी कामी येतात. अपूर्णांकाचा अपूर्णांक कसा काढावा, हे शिकविण्यासाठी भास्कराचार्य एका कंजुषाला उभा करतात. याचकाने गयावया केल्यावर हा गृहस्थ दान देतो ते असे : अर्ध्या द्रम्माचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा भाग. ऐकताना काहीतरी भरघोस दिल्यासारखे वाटते. विद्यार्थ्याने अंशांना अंशांनी आणि छेदांना छेदांनी गुणले की उत्तर येते एका द्रम्माचा १२८० वा भाग. द्रम्माच्या कवड्याही नेमक्या १२८०. म्हणजे एवढ्या डामडौलानंतर भिकाऱ्याच्या हातावर पडली ती एक कवडी! कवडीचुंबक हा मराठी शब्द या उदाहरणाला जितका शोभतो तितका क्वचितच कुठे शोभेल.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची रीत ते दोन बाजूंनी शिकवितात. पूर्ण संख्येत भाग मिळविला तर तो भागानुबंध, पूर्ण संख्येतून भाग वजा केला तर तो भागापवाह. उदाहरणादाखल दिलेल्या संख्या आहेत पावासह दोन आणि पाव उणे तीन, म्हणजे ९/४ आणि ११/४. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या जिभेवर ते सव्वादोन आणि पावणेतीन या रूपात आहेच. सव्वा हा संस्कृत सपादचा आणि पाऊण हा पादोनचा वंशज. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे घोकणारी पिढी नकळत याच वाटेने चालत होती.

या ग्रंथातील सर्वांत जिवंत प्रसंग एका वाटसरूचा आहे. तो वाण्याच्या दुकानासमोर उभा आहे. द्रम्माला साडेतीन मानक तांदूळ आणि आठ मानक मूग असा भाव चालला आहे. त्याच्याजवळ तेरा काकिणी आहेत आणि त्याला दोन भाग तांदूळ व एक भाग मूग हवा आहे. भूक लागली आहे आणि बरोबरचा तांडा पुढे निघायच्या बेतात आहे, म्हणून तो वाण्याला घाई करतो. तांदूळ मुगाच्या दुपटीहून महाग, हा भाव आजच्या गृहिणीला चकित करील. पण दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग यांचे पुढे काय शिजणार, हे तिला सांगायला नको.

आता हिशेब. दोन मानक तांदळाला साडेतीनने भागले की ४/७ द्रम्म आणि एक मानक मुगाला १/८ द्रम्म. दोन्ही मिळून ३९/५६ द्रम्म. जवळ आहेत १३/६४ द्रम्म. दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. त्यासाठी भास्कराचार्यांचा नियम असा, की भाजकाचे अंश आणि छेद उलटे करून गुणावे. शाळेत आजही हेच शिकवितात. तेरा आणि एकोणचाळीस यांचा छेद जातो आणि उत्तर उरते ७/२४. म्हणजे मूग ७/२४ मानक, तांदूळ त्याच्या दुप्पट, ७/१२ मानक. तांदळाचे पैसे झाले दहा काकिणी व दोन तृतीयांश, मुगाचे दोन काकिणी व एक तृतीयांश. बेरीज बरोबर तेरा. वाण्याने एवढे मनात केले तरच वाटसरूला तांडा गाठता येणार होता.

अशी उदाहरणे ‘लीलावती’त पानोपानी आहेत. कमळांच्या राशीतून तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला आणि उरलेली सहा गुरुचरणी. तर कमळे किती? उत्तर १२०. चार झरे एक हौद वेगवेगळे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, तिसऱ्या आणि सहाव्या भागात भरतात. एकदम सोडले तर? दिवसाच्या बाराव्या भागात. अडीच पल केशर निष्काच्या तीन सप्तमांशाला मिळते, तर नऊ निष्कांना साडेबावन्न पल. केशराचा व्यापारी, देवपूजा, पाणवठा, भुकेला प्रवासी असा सारा बाराव्या शतकातला संसार या श्लोकांत येतो, आणि तोही छंदात बांधलेला. नुसते नियम पाठ करून घेणे या आचार्यांना सहज शक्य होते.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ साल आरंभाला धरून, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला. पुढे ‘लीलावती’वर टीकांमागून टीका झाल्या. त्यांतली नामांकित ‘बुद्धिविलासिनी’ ही कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांची, १५४५ च्या सुमाराची. इंग्रजीत जॉन टेलरचे भाषांतर १८१६ साली मुंबईत निघाले आणि कोलब्रुकचे पुढच्याच वर्षी लंडनमध्ये.

घराण्यातही विद्या टिकली. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. १२०७ सालचा तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वंशावळ आणि प्रशस्ती संस्कृतात आहे. शेवटचा भाग, जिथे मठाच्या खर्चाची तरतूद येते, तो मात्र त्या काळच्या मराठीत. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला एक पळी तेल द्यावे. गावात जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मोजणावळीचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.