हरिभाऊ आपटे : वाचन, साप्ताहिक आणि कादंबरी

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांच्या वाङ्मयीन जीवनाचा आरंभ कादंबरीने नव्हे, वाचनाने व समीक्षेने झाला, ही गोष्ट त्यांच्या कादंबरीविचारात पुरेशी ध्यानी घेतली जात नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हरिभाऊ विशीच्या आसपासचे होते. तरीही त्यांनी त्यावर विस्तृत टीकालेख लिहिला. ज्या गुरुजनांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले, त्यांच्यापैकीच एकाचा ग्रंथ मुळाशी ताडून पाहण्याचे हे धाडस होते. पुढे गणिताने वाट अडवली आणि पदवीविनाच महाविद्यालय सुटले. व्यासंग मात्र सुटला नाही. ‘मधली स्थिति’ (१८८५) या पहिल्या कादंबरीवर रेनल्ड्झचा ठसा स्पष्ट आहे. पुढे स्कॉट, मोलियर, ह्यूगो हे त्यांच्या वाचनातून लेखनात आले.

चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. एकीकडे संस्कृत ग्रंथांचे प्रकाशन आणि दुसरीकडे १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक, असा हा दुहेरी संसार होता. त्यात नगरपालिकेच्या कामाची भर पडली. अशा धकाधकीत कादंबरी आठवड्याच्या हप्त्याने लिहिली गेली. तिचा पाल्हाळ याच व्यवस्थेचे अपत्य होय. टीकाकारांनी तो दोष म्हणून मोजला आणि बऱ्याच अंशी ते यथार्थ आहे.

परंतु हप्त्याने केवळ हानीच केली असे म्हणवत नाही. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये यमू स्वतःची हकीकत सांगते. आठवणी सांगणारे माणूस मध्येच थबकते, मागे वळते, क्षुल्लक घरगुती प्रसंगावर रेंगाळते. साप्ताहिकाच्या तुटक गतीला हे निवेदन इतके मानवले, की पाल्हाळच तेथे स्वभावचित्रण झाला. केशवपनाचा प्रसंग येईपर्यंत वाचक कित्येक महिने त्या घरात वावरलेला असे. एका बैठकीत वाचणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा परिणाम कल्पनेनेच भरून काढावा लागतो. ‘मी’ या कादंबरीतही आत्मनिवेदनाचीच पद्धत आहे. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना इतिहासाचा तयार सांगाडा होता.

उलट, आरंभीची ‘गणपतराव’ आणि अखेरची ‘कर्मयोग’ या दोन्ही सामाजिक कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. सवड मिळाली नाही, हे कारण खरे असले तरी अपुरे वाटते. समकालीन सुशिक्षित पुरुषाच्या सार्वजनिक आयुष्याला कोणते वळण मिळणार, हे तेव्हा समाजातच ठरलेले नव्हते. विधवेचे काय होते ते मात्र घरोघरी ठाऊक होते.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत, पदवी नसलेल्या या वाचकाने मराठीच्या उगमाचा व विकासाचा विषय मांडला.