बहिऱ्या कानांची निवड

एडिसन म्हटला की आपल्याला आठवतो विजेचा दिवा. पण जुनी तबकडी-यंत्रं दुरुस्त करून घरात मांडणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांचा एडिसन वेगळा. तो पासष्टीचा, जवळजवळ बहिरा आणि विलक्षण हट्टी.

१८४७ साली ओहायोतल्या मिलान गावी जन्मलेल्या थॉमस अल्वा एडिसनला लहानपणापासूनच कमी ऐकू येई. तरी १८७७ साली माणसाचा आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं यंत्र केलं ते त्यानंच. पुढं बर्लिनरच्या चपट्या तबकडीनं बाजार जिंकला. हा मात्र आपल्या नळकांड्यांनाच धरून बसला. अखेर १९१२ साली त्याची ‘डायमंड डिस्क’ आली. पाव इंच जाड, चांगली वजनदार. सुई हिऱ्याची, म्हणजे ती सारखी बदलायची कटकट नाही. व्हिक्टरची सुई खाचेत डावी-उजवी हलायची, याची वर-खाली. आणि तिला पुढं सरकवायचं काम दातेरी चाकं करायची. आवाज इतका स्वच्छ, की १९१५ पासून कंपनीनं सभागृहांतून गायिका आणि यंत्र शेजारी-शेजारी ठेवून प्रयोग केले. दिवे मालवायचे आणि गातंय कोण, हे श्रोत्यांनी ओळखायचं!

मग घोडं अडलं कुठं? गायक निवडायला एडिसन स्वतः बसे. यंत्राच्या लाकडात दात रोवून हाडांतून येणारा नाद ऐके आणि भल्याभल्यांना नापास करी. स्वरातली थरथर त्याला मुळीच खपत नसे. सुरुवातीच्या तबकड्यांवर तर गाणाऱ्याचं नावही नव्हतं, आणि तिकडं व्हिक्टर कारुसोच्या नावावर धंदा करीत होती. बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला हा हिशेब पहिल्याच पानावर चुकलेला दिसतो. रखमानिनोव १९१९ साली त्याच्याकडे पियानो वाजवून गेला, तो दुसऱ्याच वर्षी व्हिक्टरकडे.

१९१४च्या डिसेंबरात कारखाना जळला. सदुसष्टाव्या वर्षी त्यानं तो पुन्हा उभा केला. महायुद्धात रसायनं मिळेनात, तबकड्या खरखरू लागल्या. १९२९च्या ऑक्टोबरात कंपनीनं हा धंदा बंद केला, आणि दोन वर्षांनी एडिसन गेला.

आज असं यंत्र हाती लागलं की संग्राहक स्प्रिंगमधलं वाळलेलं वंगण काढतो, रबरी चकत्या बदलतो. तबकड्या कोरड्या जागी ठेवतो, कारण ओल लागली की त्यांचे थर सुटतात. पोलादी सुई तर त्यांच्याजवळ फिरकूही देत नाही. मग चावी भरायची. थोडी खरखर होते आणि एडिसननं पास केलेला गायक गाऊ लागतो. तो कोण, हे शोधायला कधी कधी कंपनीची जुनी यादी उघडावी लागते.