बादशहाचे दुखणे

युरोपच्या इतिहासाच्या पेपरात पाचवा चार्ल्स आपल्याला भेटतो तो मार्टिन ल्यूथरचा विरोधक म्हणून. वर्म्सची सभा, फ्रान्सशी युद्धे, मग गादीचा त्याग, आणि टीप संपते. तीस वर्षे ज्या दुखण्याने त्याची पाठ सोडली नाही, त्याचा उल्लेख आलाच तर एखाद्या शब्दात येतो. ते दुखणे म्हणजे गाऊट, आपल्या आयुर्वेदातले वातरक्त.

चार्ल्सचा जन्म १५०० साली गेंट शहरी झाला. सोळाव्या वर्षी स्पेनचे राज्य मिळाले आणि एकोणिसाव्या वर्षी तो पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडला गेला. आपण ज्या वयात एस.वाय.ला बसतो त्या वयात! गाऊटचा पहिला झटका आला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हा झटका बहुधा रात्री येतो. पायाचा अंगठा सुजून लाल होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. काही दिवसांनी सारे ओसरते आणि माणसाला वाटते, बरे झालो. पुढे मग गुडघे, हात, बोटे कशाचीच सुटका होत नाही.

१५४७ मध्ये म्यूलबर्गची लढाई त्याने जिंकली. तिशियनने काढलेल्या चित्रात तो घोड्यावर भाला घेऊन ताठ बसलेला दिसतो. पण त्या वर्षांत त्याला कित्येकदा पालखीतून न्यावे लागे. १५५२ मध्ये सॅक्सनीचा मॉरिस चालून आला तेव्हा बादशहाला इन्सब्रुकहून भर पावसात, रात्री, पालखीत घालून आल्प्स पर्वतापलीकडे न्यावे लागले. त्याच वर्षी मेट्झ शहर परत घ्यायला निघाला, तर दुखण्याने वाटेत अडकला. वेढा ऐन हिवाळ्यात पडला, थंडी आणि रोगराईने सैन्य गारद झाले आणि १५५३ च्या जानेवारीत वेढा उठवावा लागला. मेट्झ गेले ते केवळ एका अंगठ्यापायी, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हिशेबात तो अंगठा धरलाच पाहिजे.

२५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्सच्या दरबारात त्याने नेदरलँड्सची सत्ता सोडली. एका हातात काठी, दुसरा हात ऑरेंजच्या विल्यमच्या खांद्यावर. वय अवघे पंचावन्न. पुढे तो स्पेनमधील युस्तेच्या मठाशेजारी राहायला गेला. तिथे पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून उतरण बांधली होती, पाय वर ठेवता येतील अशी खुर्ची केली होती, आणि बिछान्यावरून चर्चमधली प्रार्थना दिसेल अशा जागी निजण्याची खोली होती.

सत्ता सोडली तरी जीभ काही सुटली नाही. मठातही बिअर करणारा माणूस बरोबर होता. ईल मासे, कालवे, सॉसेज दूरदूरहून येत. वायादोलिदहून लिस्बनला जाणाऱ्या निरोप्याने वाट वाकडी करून बादशहासाठी मासे आणावेत, असा हुकूम होता. वैद्य मॅथिस आणि कारभारी किहादा आर्जवे करून थकले. तोंडाला कुलूप हेच या रोगाचे औषध, असे किहादाचे मत होते.

इथे वाचणारा हसतो. मीही हसलो असतो. पण आमचे वडील मोंढ्यात हमाली करतात आणि त्यांना हाच रोग आहे. आयुर्वेदात याला आढ्यवात, म्हणजे धनिकांचा वात, असेही नाव आहे. त्यामुळे गल्लीतली माणसे विचारतात, काय हो, काय खाता एवढे? वडिलांनी लाजेने डाळसुद्धा सोडली होती. डॉक्टरांनी सांगितले, डाळ खुशाल खा. दारू, काळीज-गुर्दे, सुकट कमी करा, पाणी भरपूर प्या आणि गोळी रोज घ्या. दुखणे थांबले की वडील गोळी थांबवतात, आमचे भांडण असते ते एवढ्यावरच. रक्तात युरिक ॲसिड साठून त्याचे स्फटिक सांध्यांत बसतात, हा खरा रोग. बहुतेकांची मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत आणि हा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो. पथ्याने ते थोडेच उतरते. ते रोजच्या रोज उतरवणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी १९६० नंतरच्या दशकात आली. चार्ल्सच्या वैद्यांजवळ तिच्यासारखे काहीही नव्हते. तो खादाड होता हे खरेच, पण सगळा दोष ताटावर ढकलणे मला पटत नाही. त्याचा मुलगा दुसरा फिलिप स्वभावाने बराच आवरता, तरी त्यालाही गाऊटने गाठले आणि अखेरीस चाकांच्या खुर्चीला खिळवले.

चार्ल्स २१ सप्टेंबर १५५८ रोजी युस्तेला मलेरियाने वारला. त्याच्या ममीच्या करंगळीचे टोक मखमलीच्या डबीत वेगळे जपून ठेवलेले होते. ते स्पेनमधील डॉक्टरांनी तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुयांसारखे युरिक ॲसिडचे स्फटिक तिथे साडेचारशे वर्षांनंतरही तसेच होते आणि त्यांनी सांध्याचे हाड पोखरून टाकले होते.