नानांची दीर्घ मुदतीची ठेव

१९८५ साली माझी बदली सोलापूरहून मुंबईला, फोर्टातल्या शाखेत झाली. वडील गिरणीत साचेवाले. पाळी संपवून, अंगावरचे कापसाचे तंतूही न झटकता, ते मला स्टेशनवर पोचवायला आले होते. मुंबईत दुपारचा डबा खाऊन टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसायचे, हा आम्हा बँकवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम. एके दिवशी पायऱ्या चढून आत गेलो आणि नाना शंकरशेट यांच्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभा राहिलो. सोलापूरच्या माणसाला या पुतळ्यापुढे दोन गोष्टी एकदम वाटतात. एक, याने आमच्या गावापर्यंत रूळ आणले. आणि दुसरी, त्याच रुळांवरून आमच्या गावची तरणी माणसे निघून गेली. मीही त्यातलाच एक होतो.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणे दैवज्ञांचे, वडील मुंबईतले बडे व्यापारी. १८२२मध्ये वडील वारले तेव्हा नाना विशीतही नव्हते. पेढीची पत अशी की, अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव बँकेत न ठेवता त्यांच्याकडे ठेवत. तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ ठेवी पाहिल्या. ठेवीदार व्याजाचा दर विचारतो खरा, पण पैसे ठेवतो ते समोरच्या माणसाकडे पाहून. नानांनी ही पत धंदा वाढवण्यासाठी वापरली नाही, शहरासाठी वापरली.

तेव्हाची मुंबई आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. सात बेटे बांधबंदिस्ती आणि भरावाने नुकती कुठे एकमेकांना जोडली जात होती. कुलाब्याचा रस्ता १८३८चा, माहीमचा १८४५चा. बंदर उत्तम, पण पाठीशी सह्याद्रीची भिंत. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरायचा, वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा. पावसाळ्यात सगळेच ठप्प. शहर वाढणार हे सर्वांना दिसत होते. पण ते वाढेल ते बेटाच्या जोरावर नव्हे, घाटापलीकडच्या मुलखाच्या जोरावर, हे ओळखून त्यासाठी वीस वर्षे चिकाटीने झटणारी माणसे थोडी होती. नाना त्यांतले एक.

१८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी रेल्वेसाठी मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी झाली. तिच्या दहा संचालकांत हिंदी माणसे दोनच, जमशेटजी आणि नाना. १८४९च्या करारात सरकारने कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. बँकेतला माणूस इथे थबकतो. नफा झाला तर तो लंडनच्या भागधारकांचा, तूट आली तर ती भरायची इथल्या रयतेच्या करातून. असे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी वरच्या साहेबाकडे तीनदा परत पाठवले असते. शिवाय घाई कसली होती? १८४६मध्ये अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची निकड भासू लागली. म्हणजे रूळ आले ते आमच्या सोयीसाठी नव्हे. व्यवहारात मुरलेल्या नानांना हे कळत नसेल असे मला वाटत नाही. परक्याच्या गरजेतून का होईना, रस्ता होतो आहे तर होऊ द्यावा, मागाहून तो आपल्या कामी येईल, असा त्यांचा हिशेब असावा.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे आणि तीन इंजिने. २१ तोफांची सलामी झाली. ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर अंतर तासाभरात तोडले. पाहुण्यांत नाना होते. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. मग आला बोरघाट. तिथे ४०,०००हून अधिक मजूर राबत होते आणि पटकीने, सुरुंगांनी, कडे कोसळून त्यांतले कितीतरी मेले. त्यांचा पुतळा कुठे नाही.

आमच्या गावाच्या दृष्टीने मौज पुढेच आहे. पुण्याहून पूर्वेकडे निघालेली लाइन कुर्डुवाडी, मोहोळ करीत १८६०मध्ये सोलापूरला आली, आणि घाटातला मार्ग पुरा झाला तो १८६३मध्ये. मधली तीन वर्षे सोलापूरचा उतारू खंडाळ्यापर्यंत गाडीने जायचा, घाट पालखीने, बैलगाडीने नाहीतर पायी उतरायचा आणि खाली पुन्हा गाडीत बसायचा. आराखडा पुरा व्हायची वाट न पाहता त्याची दोन्ही टोके आधी उभी केली होती.

पण नाना म्हणजे नुसती आगगाडी नव्हे. शहर म्हणजे रस्ते आणि गोद्या एवढेच, असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्या वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली, आणि तीही लोक नाके मुरडत होते त्या काळात. भायखळ्याच्या राणीबागेतल्या संग्रहालयासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. इमारतीची पायाभरणी १८६२ची, दारे उघडली १८७२ साली; तोवर नाना हयात नव्हते. १८५२मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते पुढारी. १८५७च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावरच संशय घेतला, चौकशीत काही निघाले नाही. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते सभासद म्हणून बसले.

मला स्वतःला मात्र सोनापूरची हकिकत सर्वांत मोलाची वाटते. शहर वाढू लागले तशी गिरगावाजवळची सोनापूरची स्मशानभूमी सरकारला अडचणीची वाटू लागली. ती शिवडीला हलवायचे घाटत होते. नकाशावर पाहिले तर योजना बिनतोड: दाट वस्तीतली स्मशानभूमी शहराच्या कडेला न्यायची. नानांनी विरोध केला. गिरगाव-काळबादेवीच्या गरीब माणसाने खांद्यावर तिरडी घेऊन शिवडीपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न नकाशाला पडत नाही. स्मशान सोनापुरातच राहिले. ज्याने शेकडो कोसांच्या रुळांचा विचार केला, त्यानेच दोन-तीन कोसांच्या अंत्ययात्रेचाही केला.

१ जुलै १८६५ हा मुंबईच्या शेअरबाजारातला काळा दिवस. अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे कागद मातीमोल झाले. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला होता, तोही बुडाला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी, नाना वारले. एकाच महिन्यात मुंबईची उतावळी कमाई बुडाली आणि सावकाश हिशेब करणारा माणूसही गेला. त्यांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हा बँकवाल्यांना त्याचा उगीचच अभिमान वाटतो.

आता जमाखर्च मांडू. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती; २०११मध्ये ती सव्वा कोटीच्या घरात गेली. रुळांमुळे सोलापूरला कापसाची पेठ आली, १८७७मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, भोंग्यावर गाव उठू-निजू लागले. ही जमा. मग एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्याच रुळांवरून माणसे पुण्या-मुंबईला गेली. हा खर्च. देशावरून बंदरावर काय उतरेल याचा हिशेब त्या काळच्या योजनेत होता. देशावर काय उरेल, याचा रकाना नव्हता. १९७० साली गर्दी वळवण्यासाठी सिडको स्थापून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायला घेतली. तीही मुंबईचेच ओझे हलके करण्यासाठी. तो रकाना अजून कोराच आहे.

नानांना त्यासाठी दोष देता येत नाही. शंभर वर्षांपुढचे सारे कोणालाच दिसत नसते. पण ज्याला त्रास होणार त्याची बाजू आराखड्यात आधी धरावी, हे त्यांनी सोनापुरात करून दाखवले होते. आजचे योजनाकार नानांकडून रूळ घेतात. सोनापूर घेत नाहीत.

२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रलला नानांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. ते स्थानक १९३०चे आणि दुसऱ्याच कंपनीचे. नानांची गाडी तिथून कधी सुटलीच नाही. असो. नाव कुठेही असावे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली. तो नानांचा जन्मदिवस, हे त्या दिवशी फलाटावरच्या गर्दीत कोणाच्या ध्यानात असेल असे वाटत नाही. माझ्याही नव्हते. मी नातवाला बोटाशी धरून गाडी बघायला गेलो होतो. त्याने विचारले, ही गाडी कशाला आहे? मी म्हटले, मुंबईला जायला. थोडा वेळ गेला आणि मग मी पुस्ती जोडली, परत यायलासुद्धा.